फ्लॅट चारशे दोनचा ताबा

मी, खाली सही करणारी, वय चौतीस वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार नवी वसाहत, इमारत तीन, चौथा मजला, फ्लॅट चारशे दोन. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब लिहून देते की,

मी वरील पत्त्यावर पतीसह राहते. पती शीतगृहात सुपरवायझर आहेत. आमची मुलगी शाळेसाठी माझ्या आईकडे असते. मी घरी बसून शाळेचे गणवेश शिवते. याच फ्लॅटमध्ये मयत आणि त्यांचा मुलगा हेही राहत होते. ते आमचे नातेवाईक नाहीत. मयतांना मी काका म्हणत असे. ते बस डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या मुलाचे टायरचे दुकान आहे. सून आणि नातवंडे अजून जुन्या भाड्याच्या घरात आहेत.

एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबे कशी, असे विचारल्यावरून सांगते की, बिल्डरने हा फ्लॅट आम्हालाही विकला आणि त्यांनाही विकला. दोघांकडेही करारनामा आहे, दोघांकडेही चावी आहे. आम्ही सामान घेऊन आलो आणि दोन दिवसांनी टेम्पोतून तेही आले. त्यांच्या चावीने दार उघडले. प्रथम आम्हाला वाटले, मजला चुकला असेल. मग त्यांच्या सुनेने बाथरूममध्ये जाऊन पाहिले आणि ती म्हणाली की नळ तिने निवडलेलेच आहेत. ते खरे होते. आम्ही दुसरे नळ सांगितले होते. स्वयंपाकघरातली फरशी मात्र माझ्या पसंतीची होती. म्हणजे बिल्डरच्या ऑफिसातल्या मॅडमनी दोन्ही घरची पसंती लिहून घेतली होती आणि जे स्वस्त पडले ते बसवले होते. त्या मॅडम फार गोड बोलत. नमुना फ्लॅट दाखवताना त्यांनी माझ्या मुलीला खिडकीतल्या कट्ट्यावर बसवून, ही तुझी अभ्यासाची जागा, असे सांगितले होते. आमच्या फ्लॅटला तसा कट्टा नाही.

बिल्डरच्या ऑफिसला तेव्हापासून कुलूप आहे. आम्ही दोन्ही कुटुंबांनी याच ठाण्यात अर्ज दिले आहेत. आमच्या वकिलांनी सांगितले की कोर्टात निकाल लागेपर्यंत ताबा सोडू नका, जो आत असेल त्याची बाजू भक्कम. त्यांच्या वकिलांनीही तेच सांगितले. म्हणून आम्ही बाहेरची खोली घेतली आणि त्यांनी आतली. स्वयंपाकघर पाळीपाळीने. फ्लॅट कोणीही रिकामा सोडत नसे. दिवसा आमच्याकडून मी आणि त्यांच्याकडून काका, रात्री पतींना पाळी नसेल तर सगळेच.

पहिल्या आठवड्यात मी शिवणाच्या खडूने फरशीवर रेघ मारली होती. काका म्हणाले, "सीमा आखलीसच तर तपासनाकं पण टाक. मी रोज चहाला येताना कागद दाखवीन." केर काढताना रेघ पुसली जाई. नंतर मी ती मारली नाही. दिवसभर दोघेच असल्याने आमचे बोलणे होत असे. माझ्या मशीनचा पट्टा सैल झाला की काका तो बसवून देत. एकदा तेल घालताना मला म्हणाले की केस तुम्ही जिंकलात तर मशीन या खिडकीशी घे, उजेड डाव्या हाताला पडेल. मी त्यांना विचारले, आणि तुम्ही जिंकलात तर? ते म्हणाले, "तर तू मशीन उचल आणि चालती हो. पण पट्टा तुटला की बोलाव."

आमच्यात भांडण होते का, असे विचारल्यावरून सांगते की, माझे आणि काकांचे नव्हते. पती आणि काकांचा मुलगा यांचे होते. सुमारे महिन्यापूर्वी माझ्या पतींनी काकांना दुसऱ्या नंबरवरून फोन केला आणि वीज कंपनीतून बोलतोय, मीटरच्या तपासणीसाठी कागद घेऊन खाली या, असे सांगितले. काका खाली गेले. पती दुसऱ्या जिन्याच्या बाजूला थांबलेले होते, ते वर आले आणि त्यांनी मला आतून कडी लावायला सांगितली. मी लावली. काका लिफ्ट अजून सुरू नसल्याने चार मजले चढून आले. दार वाजवून म्हणाले, "अगं, मीटरवाला काही भेटला नाही. फुकटची वारी झाली." मी कडी काढली. त्यावरून पती मला जे बोलले ते या जबाबात घेण्याची गरज नाही. काकांनी मला काहीच विचारले नाही. पण मुलाला कळलेच. तेव्हापासून त्याने काकांना बजावले होते की घरातले बदली माणूस आल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय ठेवायचा नाही. काका संध्याकाळी खाली फिरायला जात ते बंद झाले. ते बाल्कनीत फेऱ्या मारत. बाल्कनी लहान आहे.

काल दुपारी जेवण झाल्यावर काका त्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बाल्कनीच्या दाराशी बसले होते. मी कॉलर जोडत होते. त्यांनी मला मशीन थांबवायला सांगितले. तसे ते कधी सांगत नसत. मी पाहिले तर त्यांचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. डावा हात आणि जबडा दुखतो म्हणाले. वेळ मी घड्याळात पाहिली नाही.

मी आधी त्यांच्या मुलाला फोन केला. काय होते आहे ते सांगितले. तो म्हणाला, "वहिनी, मागच्या वेळी मीटरवाला आला होता. आज कोण, डॉक्टर?" मी फोन काकांच्या कानाला लावला. काका त्याला म्हणाले, "मी आतच आहे. दार सोडलेलं नाही." मग, "तू ये," असे म्हणाले. मुलगा माझ्याशी पुन्हा बोलला आणि म्हणाला की तो दुकान बंद करून निघतो, तोपर्यंत काकांना घराबाहेर काढायचे नाही. त्याचे दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे.

नंतर मी ॲम्ब्युलन्ससाठी फोन केला. वसाहतीतला रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला असल्याने गाडी फाटकापर्यंतच येईल, पेशंटला तिथवर आणा, असे त्यांनी सांगितले. मी बाल्कनीतून वॉचमनला हाका मारल्या. खाली शेजारच्या इमारतीसाठी काँक्रीटचा मिक्सर चालू होता. कोणी वर पाहिले नाही. आमच्या मजल्यावर अजून दुसरे कोणी राहायला आलेले नाही.

मग मी पतींना फोन केला. ते म्हणाले की त्यांना जायचे तर जाऊ दे, वॉचमन नेईल, तू हलू नकोस. वॉचमनला बोलवायलाच खाली जावे लागेल, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "तू फक्त उंबऱ्याच्या आत राहा. एवढंच कर." मी फोन ठेवला.

यानंतर मी काय केले, असे विचारल्यावरून सांगते की, मी मशीनवर बसले आणि हातातली कॉलर पुरी केली. का केली, ते मला सांगता येत नाही.

काका माझ्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "तू जाऊ नकोस. तू बाहेर गेलीस की माझा मुलगा येऊन कुलूप लावेल. त्याला मी ओळखतो." मी त्यांना गप्प बसायला सांगितले. वयाने मोठ्या माणसाशी मी तसे बोलत नाही. काल बोलले.

त्यांना उठता येत नव्हते. म्हणून मी खुर्चीसकट त्यांना ओढत दारापर्यंत नेले. दारातून जाताना त्यांनी उजव्या हाताने चौकट धरली. त्यांच्या बोटांवर जे खरचटले आहे त्याबाबत विचारल्यावरून सांगते की, ते माझ्यामुळे झाले. मी त्यांची बोटे एकेक करून सोडवली. ते सोडत नव्हते. त्यांच्यात जोर फारसा नव्हता, तरी सोडत नव्हते. त्यांच्या मुलाने तक्रारीत लिहिले आहे की मी त्यांना इच्छेविरुद्ध बाहेर ओढले. ते बरोबर आहे.

जिन्याच्या तोंडाशी येऊन मी खाली हाका मारल्या. त्या बाजूला मिक्सरचा आवाज कमी येतो. वॉचमन आणि एक फरशीवाला वर आले आणि त्या दोघांनी खुर्ची उचलून खाली नेली. मी पुढे चालून त्यांना पायऱ्या सांगत होते, कारण जिन्यात दिवे बसवलेले नाहीत. दुसऱ्या मजल्यावर काका म्हणाले, "लिफ्ट सुरू झाली म्हणायची." फरशीवाला हसला. त्यानंतर काका काही बोलले नाहीत. फाटकाशी ॲम्ब्युलन्स उभी होती. मी सोबत बसले. रुग्णालयात डॉक्टरांनी तपासून, आणण्यापूर्वीच मृत्यू झाल्याचे सांगितले.

फ्लॅटचे दार कोणी बंद केले, असे विचारल्यावरून सांगते की, मी केले नाही. माझे दोन्ही हात खुर्चीला होते. दार उघडेच राहिले. काकांचा मुलगा आधी फ्लॅटवर गेला. तिथे त्याला कोणी दिसले नाही. त्याने दाराला आपले कुलूप लावले आणि मग मला फोन करून वडील कुठे आहेत असे विचारले. मी रुग्णालयाचे नाव सांगितले. कुलपाबद्दल मला तक्रार करायची आहे का, असे विचारले. नाही. त्याच्या जागी माझे पती असते तर त्यांनीही तेच केले असते. आमचे सामान, माझे मशीन आणि काकांचे कपडे आत आहेत. काकांचा मुलगा रुग्णालयात त्यांना घालायला स्वच्छ शर्ट शोधत होता. कुलपाची चावी त्याच्या खिशातच होती, पण त्याला ते सुचले नाही. मीही सांगितले नाही.

पती रुग्णालयात आले तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा विचारले की दारातून आधी बाहेर कोण पडले. वकिलांचे म्हणणे आहे की काका आधी गेले आणि मी त्यांच्या मदतीला मागून गेले असे जबाबात आले, तर ताबा त्यांनी सोडला असे धरता येईल आणि घर आमच्याकडे राहू शकेल. दहा वर्षांचे कर्ज या घरावर आहे. पती रात्रीची पाळीही करतात. ते वाईट माणूस नाहीत, हे लिहून घ्यावे. ते आत्ता बाहेर बाकावर बसलेले आहेत आणि मी काय सांगायचे ते त्यांनी माझ्याकडून येताना दोनदा म्हणवून घेतले आहे.

त्याबाबत विचारल्यावरून सांगते की, बसलेल्या माणसाची खुर्ची ओढायची तर ओढणाऱ्याला पाठमोरे चालावे लागते. दुसरी रीत नाही. त्यामुळे उंबऱ्याबाहेर आधी माझा पाय पडला. काका माझ्यानंतर बाहेर आले. त्यांनी घर सोडलेले नाही. मी सोडले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. यातले काही खोडायचे नाही, म्हणून खाली सही करते.