मला फक्त हलका क्लच हवा होता

वेडी मीच, तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला नावं ठेवायला जागाच नाही... डावा गुडघा दुखतो म्हणून सहा वर्षांपूर्वी हौसेनं ऑटोमॅटिक गाडी घेतली, तीही जुनी, आणि आता तिचा गिअरबॉक्स गेला तर मी तिच्यात क्लच बसवून घ्यायला निघाले. म्हणजे ज्याच्यापासून पळाले त्यालाच गाडी पाठवून घरी बोलावलं. दुसरा ऑटोमॅटिक का नाही? तर त्या मॉडेलचा मिळतच नाही, आणि मॅन्युअल भंगारात कटिंगला आलेल्या कुठल्याही गाडीतून निघतो, असं हारुनभाई म्हणाले. हारुनभाई म्हणजे पंचवटीतले आमचे मेकॅनिक. मी म्हटलं बसवा, माझी एकच अट. मला फक्त हलका क्लच हवा होता.

तुम्ही म्हणाल, एवढी घाई कसली? अहो, दर रविवारी मी दिंडोरीला आईकडे जाते, एकटी. गाडी बसली तेव्हापासून किशोर नेतो, म्हणजे माझा नवरा. प्रेमानं नेतो, पण नेऊन आमच्या दोघींच्या मधे बसतो आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता, ‘निघू या का?’ गेले चार रविवार मी आणि आई नुसतं पावसापाण्याचं बोलतोय. पोटात तक्रारी साठल्यात, त्यातल्या निम्म्या त्याच्याच, मग त्या त्याच्यासमोर सांगायच्या कशा?

तर हारुनभाई विचारतात, ‘ताई, वरचा पंप कोणता टाकू?’

म्हटलं, वरचा म्हणजे?

‘एक पंप वर, पेडलजवळ. तुम्ही दाबला की तेल खाली जातं, आणि खालचा पंप क्लच उचलतो. वरचा बारीक टाकला तर पेडल हलकं, पण लांबपर्यंत दाबायचं. जाडा टाकला तर थोडंसंच दाबायचं, पण जोर लागतो.’

आता तुम्हीच सांगा, माझा गुडघा लांब जात नाही आणि जोरही लावत नाही, मी काय निवडू? म्हटलं, मधला नाही का?

‘आहे ना. थोडं लांब, थोडा जोर. दोन्ही बाजूनं दुखेल.’

गेले हाडांच्या डॉक्टरांकडे. विचारलं, बारीक पंप टाकू का जाडा? त्यांनी एक्सरेतून मान वर केली, ‘कुणाच्या गुडघ्यात?’

मग दिंडोरीला दीपकला फोन, म्हणजे माझा भाऊ, द्राक्षबागेतच त्याचं आयुष्य गेलं. म्हणतो, ‘आक्के, ट्रॅक्टरचा बसव, लय टिकतो.’ अरे पण हलका आहे का? ‘हलका नाय, टिकतो. मी उभा राहून दाबतो.’ उभं राहून! माझी गाडी छताची आहे रे बाबा...

आणि किशोर, पेपर खाली न ठेवता, ‘एवढं कशाला, मी नेतोय की.’ त्याच क्षणी ठरवलं, बारीक पंप. लांब तर लांब, सीट पुढे ओढेन, पण एकटी जाईन. मला फक्त हलका क्लच हवा होता.

संपलं वाटलं ना? मलाही वाटलं. मग पेडलं निघाली. हारुनभाई म्हणतात, ‘ताई, क्लच-ब्रेकचा जोडीचा सेट घेऊ. तुमचा ब्रेक ऑटोमॅटिकचा, लई रुंद. दोघांची जागा एकटाच खातो.’ आता मी कोण? माझ्याकडे लग्नातल्या मिक्सरचं भांडं अजून आहे, मिक्सर नाही. चांगला चालता ब्रेक मी काढू देईन? म्हटलं, ब्रेक राहू द्या.

‘क्लच मग एकदम कोपऱ्यात जाईल.’

जाऊ दे. तिथे सहा वर्षं माझी पर्सच असायची, डाव्या पायाला काम कुठे होतं.

काल रविवार. सकाळीच आईचा फोन, ‘आज एकटी ना?’ म्हटलं, एकटी. किशोरनं गॅरेजपाशी सोडलं आणि जायचं सोडून तिथेच उभा राहिला, हात मागे बांधून. मी ऐटीत बसले, पर्स टाकली, सीट पुढे ओढली. गाडी सुरू करण्याआधी म्हटलं क्लचचा अंदाज घेऊ. डावा पाय पहिल्यांदा दाबला, जरा गेला. दुसऱ्यांदा, घट्ट. तिसऱ्यांदा... दगड. पाटा-वरवंटा. गुडघ्यातून कळ थेट कानापर्यंत. आणि किशोर खिडकीपाशी येऊन अगदी हळुवार म्हणतो, ‘दे चावी, मी नेतो.’

मग माझं तोंड सुटलं. म्हटलं हारुनभाई, तीन आठवडे पंप निवडतेय, बारीक काय, जाडा काय, डॉक्टरांसमोर शोभा झाली, भावानं ट्रॅक्टर सुचवला, आणि तुम्ही हे बसवलंत? हत्तीचा पाय लागेल याला. मला फक्त हलका क्लच हवा होता, हलका!

हारुनभाईंनी शांतपणे हात पुसले. वाकून माझ्या पायाशी बघितलं.

‘ताई, हा तुमचा जपून ठेवलेला ब्रेक आहे, गाडी बंद असली की दगडच होतो. क्लच कोपऱ्यात. पर्सनं दाबलाय. हलका आहे.’