न काढलेला केर

मंद्रूपहून सोलापूरला येणाऱ्या एस.टी.त माझ्या मागं दोन शेजारणी बसल्या होत्या.

"मल्लव्वा, कधी न्हाई ते आज दाराला कुलूप घातलंस? खिडकीतनं बघितलं, तर घरात बोटभर धूळ!"

"माणूस गावाला गेलं की पोचल्याचं कळंपातुर केर काढत न्हाईत, वैजयंती."

"अगं, तुझा ल्योक सिद्धलिंग दिवाळीत गेला. आता होळी आली की."

"पोचलो म्हणून फोन कुटं केला त्यानं?"

"रेल्वेनं अख्खी रात लागायची. विमानानं मुंबई तासाभरावर हाय."

"त्यो बी तसंच म्हणाला. अव्वा, वर सरळ वाट, मधी कुटं थांबायचं न्हाय."

"विमान नीट उतरलं. त्याच्या शेजारी बसलेला माणूस बी आपल्या घरी गेला. पोलिसांनी सांगितलं न्हाय का?"

"त्यो तेवढा उतरला न्हाय, हे बी सांगितलं."

"बरं, ऱ्हाऊ दे. परत गेल्यावर दोघी मिळून झाडून काढू."

"नको. पावलं पुसली जातील."

"कुणाची पावलं?"

"माझी न्हाईत. आज सकाळी धुळीत उमटल्यात. उंबऱ्यापासनं देवघरापर्यंत. अनवाणी हायत. डाव्या पायाला करंगळी न्हाय."

"सिद्धलिंगला तरी कुटं हाय? मल्लव्वा... मग घरात बघितलंस का?"

"सगळं बघितलं. कोण न्हाय."

"आला असंल आणि गेला असंल."

"गेल्याचं एक बी पाऊल न्हाय."

"मग कुलूप कशाला घातलंस गं?"

"आता जाऊ देत न्हाय त्याला."