पुसलेली खूण

दवाखान्याच्या बाकावर प्लास्टरमधला पाय पसरून बसलेल्या शिंप्याला दुसरं काम नव्हतं, म्हणून तो शेजारच्या दोघी जावांचं बोलणं ऐकत होता. धाकटी आत्ताच डॉक्टरांकडून बाहेर आली होती.

“काय म्हणाले?”

“ऑपरेशन नको. हात डोक्याच्या वर जातोय, खांदा व्यायामानंच भरून येईल.”

“सुटलो बाई. मी तर बॅगसुद्धा भरून ठेवली होती.”

“जाऊबाई, भिंतीवर माझी बोटं जिथवर चढायची, तिथं तुम्ही पेन्सिलनं खूण करायचात ना?”

“हो. त्याचं काय?”

“माझी पाठ वळली की ती पुसून जरा खाली काढायचात.”

“...कधी कळलं तुला?”

“पहिल्याच आठवड्यात. पुसलेलं दिसतं हो.”

“तू व्यायाम सोडायला निघाली होतीस. मला दुसरं काही सुचेना. पण मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही इतक्या हौसेनं सांगायचात, ‘बघ, आज बोटभर वर गेलीस.’ तुम्हाला खोटं पाडायचं जिवावर आलं. मग खरंच वर जायला लागले.”

“बरं, पुरे. उद्या रंगारी येतोय, जातील त्या खुणा.”

“त्या भिंतीला त्यानं ब्रश लावून तर बघावा. आता मला हात उगारता येतो.”