गणपतीच्या तळाचा पासवर्ड

लिनक्सचं नाव नका काढू माझ्यापुढं! पेणला आमचा गणपतीचा कारखाना. शेजारचा मूर्तिवाला येता-जाता कॉम्प्युटरात डोकावून माझी गिऱ्हाइकं बघायचा. म्हणून कॉम्प्युटर कंपनीतल्या एका मित्राकडून विंडोज काढून लिनक्स टाकून घेतलं, वर अख्ख्या डिस्कला कुलूप. मित्र म्हणाला, "पासवर्ड विसरलास तर ब्रह्मदेवाला पण उघडायचं नाय."

म्हणून मी तो दोन वर्षं कुणी न नेलेल्या एका मूर्तीच्या तळाला पेन्सिलीनं लिहून ठेवला. तीच मूर्ती आमच्या हिनं, सुमननं, रोह्याच्या एका आजोबांना विकली!

चतुर्थीला कॉम्प्युटर चालू केला, तर पासवर्ड काही आठवेना. वर्षभराची गिऱ्हाइकं आत! दोघं रोह्याला पळालो. आजोबा म्हणाले, "प्राणप्रतिष्ठा झालीय. विसर्जनाशिवाय देव हलायचा नाय."

पाच दिवस कसे काढले माझं मला ठाऊक. विसर्जनाला पुन्हा दोघं हजर. नदीवर आजोबांनी मूर्ती जरा तिरकी केली आणि इंग्रजी अक्षरं जुळवत सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचलं, "सुमन, चहा टाक."

ही माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "दिवसातून वीसदा सांगता, आणि तुम्हीच विसरलात? मी कधी विसरलेय काय?"