तापलेल्या डिस्कचं आख्यान

मंडळी, आज जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. पैज! ठेवलाच कुणी, तर ही चिपळी त्याला बक्षीस, आणि मी उद्यापासून मुका!

पण आधी एक प्रश्न. ज्याला वेगानं जाता येतं, त्याला पोचता का येत नाही? हं? मागचे काका, डोळे मिटून विचार करताय की झोपलात?

ऐका तर. घाटावर एक गृहस्थ होता. विश्वंभर म्हणू. माझ्यासारखाच बडबड्या, माझ्याहून थोडा देखणा. त्याच्याकडे शर्यतीची लाल गाडी! केवढी पळायची? अहो, गाडी घरी पोचायची सकाळी, आणि तिची सावली धापा टाकत यायची संध्याकाळी! हसा, हसा. मी पाहिलंय.

याला एकच लेक. नाव सांगत नाही. ते नाव घेतलं की माझा घसा बसतो, आणि अजून भैरवी म्हणायचीय. तर लेकीचं लग्न ठरलं घाटाखालच्या गावात. मुहूर्त साडेअकराचा. आणि त्याच दिवशी सकाळी घाटात शर्यत! माणसानं काय करावं? — बरोबर, वहिनी! पण हा गेला शर्यतीला! म्हणाला, "नऊला सुटतो, अक्षतांना हजर!"

साडेनऊला चौथ्या वळणावर ब्रेक तापले. एवढे तापले, मंडळी, की तिथं कुणीतरी चाकावर चहाचं आधण ठेवलं! पायाखाली ब्रेक आहे, पण धरत नाही! गाडी गेली खडीच्या ढिगात, ती बाहेर निघाली दुपारी! आणि खाली मांडवात पोरगी रस्त्याकडे बघतेय. मंगलाष्टकं लांबवली, भटजींनी दोन जास्तीची म्हटली. शेवटी कन्यादान मामानं केलं.

चाकामागे चकती तापे, दिसे न कोणाला,
पाय दाबुनी धरिला ज्याने, त्याचा जीव जळाला!

तेव्हापासून अकरा वर्षं! दर रविवारी हा गाडी काढायचा, घाटमाथ्यापर्यंत यायचा. टपरीवर चहा. खाली दरीत बघायचं. झाडीतून एक धूर वर यायचा — तिच्याच चुलीचा, असं हा म्हणायचा. कोकणात चुली काय कमी आहेत? पण ह्याला तोच एक दिसायचा! भाताचा वाससुद्धा यायचा म्हणे, दोन हजार फुटांवर! मग ग्लास ठेवायचा, किल्ली फिरवायची आणि म्हणायचं, "आज ब्रेक बरोबर वाटत नाहीत." आणि परत!

मग सोमवारी नवे ब्रेक! आता आमच्या आज्जींसाठी सांगतो. चाकाबरोबर फिरते ती लोखंडी थाळी, म्हणजे डिस्क. तिला दोन्हीकडून चिमटा घेतात ते पॅड. ह्यानं आधी शर्यतीचे कडक पॅड घातले. ते तापल्याशिवाय धरतच नाहीत! मग मऊ घातले. ते धरायला झकास, पण घाट बघून घामाघूम! मग भोकाभोकांची डिस्क आणली, दिसायला जाळीदार अनारशासारखी. दोन महिन्यांत भोकापासून तडा!

शेवटी गेला यासीन मिस्त्रीकडे. हा म्हातारा नुसत्या आवाजावरून गाडीची कुंडली मांडतो. विश्वंभरनं विचारलं, "चाचा, सगळ्यात भारी पॅड कोणतं?"

"अण्णा, शर्यतीला जायाचं हाय का लेकीकडं?"

ह्यानं नुसती किल्ली पुढे केली!

"शर्यतीला जाणाऱ्याला तापल्यावर धरणारं लागतंय. लेकीकडं जाणाऱ्याला पयल्या दाबाला धरणारं पायजे. साधी डिस्क घाला, बिनभोकाची. मधल्या जातीचं पॅड. कुणी वळून बघणार न्हाई, पण दारात गाडी हुबी ऱ्हाईल."

बसवून दिलं. आणि वर दम भरला, "नवी डिस्क, नवं पॅड. दोघांची अजून वळख न्हाई. सरळ रस्त्यावर धा येळा पळवायची, दाबायची, हळू करायची. पण थांबायचं न्हाई! तापल्या डिस्कवर पाय दाबून हुबा ऱ्हायलास, तर पॅडचा डाग बसतोय. मग स्टिअरिंग थरथरतंय जन्मभर. निवेस्तोवर चालत ऱ्हायाचं!"

मंडळी, बघा मिस्त्रीचा कावा! याचा सरळ रस्ता कोणता? घाटाकडे जाणारा! दहा वेळा पळवली, दहा वेळा दाबली. चाकातून वास, डिस्क लालबुंद आणि समोर घाटमाथा! टपरीवाला ग्लास उंच करून ओरडतोय, "अण्णा, चा!" अकरा वर्षांची सवय, पाय ब्रेकवर गेला. आणि कानात म्हातारा — थांबायचं न्हाई! उचलला पाय! टपरी मागं गेली! दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर, गाडी घाट उतरायला लागली!

एकेक वळण… ते चौथं वळण आलं. खडी नव्हती आता, तिथं टणटणी फुललेली. किती वर्षं लांबून बघितलेली कौलं जवळ जवळ यायला लागली. काय म्हणेल? ओळखेल का? शिव्या देईल? दे बाई, शिव्या दे, पण तुझा आवाज ऐकू दे!

आणि दार आलं. दारात लेक! यानं पाय ठेवला — मंडळी, पहिल्या दाबाला गाडी उभी! लोण्यासारखी! ती धावत आली, "बाबा, किती वाळलात!" गूळ-पाणी आलं. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी! हा जेवला, रडला, परत जेवला!

तर तुम्हाला विचारतो. तुमच्यातले कितीजण घाटमाथ्यावर चहा पीत बसलेत? कुणाचा भाऊ खाली आहे, कुणाची आई, आणि तुम्ही म्हणताय ब्रेक बरोबर नाहीत! उठा की! अरे, तो विश्वंभर जर—

"खोटं!"

कोण? बायकांच्या बाजूनं कोण बोललं? मृदंग थांबवा जरा.

"गाडी थांबलीच नाही. मी अंगणात उभी होते. हात वर केला होता मी. तुम्ही समोर बघत तसेच पुढे निघून गेलात, बाबा."

…डिस्क तापलेल्या होत्या गं, पोरी.

"तीन महिने झाले त्याला. निवल्या असतील आता."