मागे बघायचं नाही

ब्रॉन्विन : नाही जमायचं मला, बाबा. चाक तुम्हीच धरा.

मर्व : कुठल्या हातानं? नांगर ओढताना खांदा निखळलाय, बोटंसुद्धा हलत नाहीत. ओहोटी लागली की खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा ओलांडता यायचा नाही, मग रात्रभर बाहेर डुचमळत बसू. रेडिओ घे.

ब्रॉन्विन : कोस्टगार्ड, 'टुई' बोटीवरून बोलतेय. आत येतोय. बोटीत दोघं, लाइफ जॅकेट घातलेत. बाबांचा खांदा गेलाय, चाकावर मी आहे.

हेमी (रेडिओवर) : ऐकलं, ब्रॉन्विन. आत पोचलीस की कळव, नाहीतर आम्ही शोधायला निघू. आणि मर्वकाकांना सांग, पोरीवर ओरडू नका.

मर्व : हा लंगोटात होता तेव्हापासून मी ही वाळू ओलांडतोय! हे बघ. वाळूवर आल्या की लाटा उभ्या राहतात. पुढच्या लाटेच्या पाठीवर बसायचं आणि तिच्याच वेगानं आत जायचं. तिला ओलांडलंस तर बोटीचं नाक पाण्यात. मागे रेंगाळलीस तर मागची अंगावर. आणि मागे बघायचं नाही.

ब्रॉन्विन : मग मागचं कोण बघणार?

मर्व : मी. चाकावरच्यानं मागे बघितलं की हात गळतात. चाळीस वर्षं मी चाकावर आणि तुझी आई मागे तोंड करून. गुडघ्यांनी दगा दिला, नाहीतर आजही तीच बसली असती इथं. थांब, ही जाऊ दे. हीपण. आता... चल!

ब्रॉन्विन : बाबा, मागे कसला आवाज येतोय?

मर्व : पुढे बघ.

ब्रॉन्विन : केवढी आहे?

मर्व : चाक घट्ट धर.

ब्रॉन्विन : बाबा! सांगा ना, केवढी?

मर्व : छोटीच आहे. वेग आहे तोच ठेव.

ब्रॉन्विन : बोट आडवी होतेय!

मर्व : होत नाही. सरळ धर. छोटीच आहे गं. सरळ... सरळ... शाब्बास माझी वाघीण!

ब्रॉन्विन : पाणी शांत झालं. आलो?

मर्व : आलो.

ब्रॉन्विन : आता बघू मागे?

मर्व : बघ.

ब्रॉन्विन : अगं आई गं! यातून आलो आपण? ती बघा, घराएवढी उठतेय, उन्हात हिरवीगार... आरपार दिसतंय तिच्यातून! काटा आला अंगावर. आणि तुम्ही छोटी म्हणत होतात?

मर्व : तुझी आई दरवेळी हेच म्हणायची. 'छोटीच आहे, मर्व.' मला वाटायचं, समुद्र आपल्याला वचकून असतो. क्लबात काय फुशारक्या मारल्यात मी! मागे तोंड करून बसलो तो आज पहिल्यांदाच.

ब्रॉन्विन : म्हणजे आई...

मर्व : एवढं सगळं नोएलीन एकटी बघत होती गं. आणि आवाज कधी कापला नाही तिचा.

हेमी (रेडिओवर) : 'टुई', पोचलात का?

ब्रॉन्विन : पोचलो, हेमी. दोघंही.

हेमी (रेडिओवर) : जिवात जीव आला! नोएलीनकाकू इथं धक्क्यावर उभ्या आहेत. विचारतायत, लाट केवढी होती?

ब्रॉन्विन : काय सांगू, बाबा?

मर्व : सांग, छोटीच होती.