उलट्या दोऱ्याची माशी

—नाही, ते भिंग आधी खिशात घाला. भिंग लावून माशी तपासणारा माणूस मासे कमी धरतो आणि भांडणं जास्त उकरतो. उलटा दोरा म्हणे! काल याच माशीला तुमच्या गळाला हातभर ट्राउट लागला ना? लागला. फोटो काढलात, पापी घेतलीत, परत पाण्यात सोडलात. त्या ट्राउटनं तोंड उघडण्याआधी विचारलं का, की दोरा कुठल्या बाजूनं गुंडाळलाय? आणि तुम्ही सकाळी सकाळी माझ्या दारात उभे—‘बाई, ही माशी बाउदिलिओची नाही.’ बाउदिलिओचीच आहे! चिमेउइन नदीवर पाहुण्यांना नावेतून फिरवणारा आणि पिसांच्या खोट्या माश्या बांधणारा बाउदिलिओ एकच, आणि तो माझा नवरा. त्याच्या डबीतली माशी त्याची नाही तर काय बिशपची?

बसा. उभ्यानं भांडण रंगत नाही. माते घ्या, आमचा कडू पाल्याचा चहा—अहो, नळी ढवळू नका, नुसती ओढा. शहरातल्या माणसांना ढवळायची भारी खोड.

त्यापेक्षा पीस बघा. राखाडी, पण उन्हात धरलं की मधाचा रंग मारतं. दुकानात मिळून दाखवा! आमच्या कोंबड्याच्या मानेचं आहे. गेल्या हिवाळ्यात बिचाऱ्याची मान इतकी उघडी पडली की मी त्याला लोकरीचा गळपट्टा विणून दिला—हसताय काय, लाल गळपट्टा—आणि तो घालून पठ्ठ्या असा ऐटीत फिरायला लागला की शेजारच्या ओतिलियाच्या कोंबड्या कुंपण ओलांडून कायमच्या इकडे राहायला आल्या. ओतिलिया अजून बोलत नाही माझ्याशी. अंडी मात्र झकास असतात. आणि माशी म्हणाल तर अशी, की एकदा खिडकीत वाळत ठेवली होती, तर एका पाकोळीनं खरी समजून उचलली, नदीपर्यंत नेली, आणि तिथं ट्राउटनं उडी मारून पाकोळीच्या चोचीतून हिसकावली. आता बोला! पाकोळी फसली, ट्राउट फसला, आणि तुम्ही एकटे शहाणे. मी त्या दिवशी माशीच्या गाठीवर लाख जरा जाडच लावली होती, तरीसुद्धा—

त्यानं. त्यानं लावली होती. जीभ आहे, घसरते.

काय बघताय माझ्या बोटांकडे? लाख आहे. खुर्ची रंगवत होते. कुठली खुर्ची म्हणजे? घरात खुर्च्या नसतात का माणसाच्या?

बरं! मी बांधली! झालं समाधान? मीच बांधली, आणि डबीतल्या सगळ्याच माझ्या आहेत. गेल्या हंगामात इथून खूश होऊन गेलेला एकूण एक पाहुणा माझ्या माशीवर खूश होऊन गेलाय. आणि दोरा उलटा आहे तो राहणार. का उलटा, ते ऐका, म्हणजे पुन्हा भिंग काढणार नाही तुम्ही. मला कोणी शिकवलं नाही. एकदा म्हटलं होतं त्याला, दाखव की रे मलाही. तर म्हणाला, ‘एर्सिलिया, तुझी बोटं कणीक मळायची, हे नाजूक काम आहे.’ नाजूक! हा माणूस बुटाची नाडी दातानं सोडतो! मी रोज या टेबलाच्या त्या बाजूला बसायची, माते भरून द्यायची आणि बघायची. वर्षानुवर्षं बघितलं. आता तो गळ घट्ट धरणाऱ्या पकडीच्या त्या अंगाला आणि मी या अंगाला—तो दोरा गळावरून स्वतःपासून पलीकडे टाकायचा, म्हणजे माझ्याकडे. मी दोरा कायम माझ्याकडेच येताना पाहिलेला. मग जेव्हा त्याच्या खुर्चीत बसले तेव्हा हात आपोआप माझ्याकडेच ओढायला लागला. ती चूक आहे? असेल. पण चूक माझी आहे, कोणाची उसनी नाही.

पहिल्या माश्या? त्यांचं काय विचारता! पीस लावायच्या नादात गळाचं नेढंच दोऱ्यानं बुजवून टाकायची, मग दोरी ओवणार कुठून? सगळ्या चुलीत. जळक्या पिसांचा वास घरभर. तो आला की म्हणायची, मांजराची शेपटी भाजली. ते मांजर आता चुलीकडे बघतसुद्धा नाही, उगाच बदनाम झालं. पण शिकले. डोक्याशी जागा सोडायला शिकले, सशाची लव किती घ्यायची ते शिकले. आणि ट्राउट माशीला खालून बघतो, वरून नाही, हे तर मी त्याच्याही आधी ओळखलं असतं, त्यानं विचारलं असतं तर.

लपवायचं काय म्हणजे? तुम्ही त्याचे हात पाहिले नाहीत का नावेत? वल्हं धरलं की दिसत नाही, वल्ह्याला वजन असतं. पण चिमटीत दोरा घेतला की थरथरतात. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापासून. तो रोज बसतो पकडीपुढे, बांधतो—सैल, पहिल्याच फेकीत सुटेल अशी. दुपारी तो आडवा झाला की मी ती उसवते आणि त्याच गळावर माझी बांधून डबीत ठेवते. चोरी म्हणा, खुशाल म्हणा! त्या माणसाला दुसरं काही येत नाही हो. हात गेले असं त्याला कळलं तर नाव पालथी घालून हा तिच्या शेजारी निजेल आणि उठणार नाही. त्याच्या बापानं तेच केलं. म्हणून सांगते, तुम्ही हे नदीवर बोललात, नावेत बोललात, झोपेत जरी बोललात, तरी तुमच्या पुढच्या माशीला मी अशी गाठ मारीन की हंगामभर काठी घेऊन नुसते पाण्याला मुजरे करत बसाल. मला कोणाची भीती नाही. ना तुमच्या गळवाल्यांच्या क्लबची, ना तुमची, ना त्याची—त्याची जरा आहे.

आणि काय हो, तुम्ही मागच्या दारानं कसे आलात? पाहुणे पुढून येतात. कोणी सांगितलं?

कोणी?

आज? नावेजवळ?

थांबा. तुमचे शब्द नकोत, त्याचे सांगा. कसा म्हणाला?

‘मागच्या दारानं जा. माझ्या माश्या आता टिकत नाहीत. बाईंकडून आणखी घेऊन या.’ टिकत नाहीत म्हणाला. स्वतःच्या तोंडानं. आणि तुम्ही इतका वेळ मला बोलू दिलंत, चेहरा दगडाचा करून, माझं माते पीत!

कधीपासून ठाऊक आहे त्याला? नका सांगू. तुम्हाला काय माहीत असणार.

उठा. नाही, माश्या मिळणार नाहीत. निरोप धाडून माल मागवायला हे काय किराणा दुकान आहे? हव्या असतील तर त्यानं यावं, स्वतःच्या पायांनी, आणि माझं नाव घेऊन मागाव्यात. मी देईन की नाही ते तेव्हा बघू. रुमाल कशाला पुढे करताय? माझे डोळे माझे मी पुसीन, लाखेचा वास झोंबतो. जा तुम्ही. तो आता एकटाच नाव पाण्यात ढकलत असेल—धावत जा, हात लावा जरा. आणि मी सांगितलं म्हणून नका सांगू.